काळ्या मातीतलं स्टेअरिंग

तोताराम पाटील भडगावकडचा. आयुष्यभर जड गाड्या चालवल्या आणि शेवटची बारा वर्षं एकच गाडी चालवली. मिलिटरीच्या लिलावातला जुना ट्रक. चारही चाकांना जोर असलेला. एदलाबादला, म्हणजे आताच्या मुक्ताईनगरला, कांतीलाल शेठच्या केळीच्या वखारीवर तो ट्रक होता. मीही तिथेच. जळगावची कापसाची प्रेस बंद पडली, तिथे सव्वीस वर्षं फिटर होतो. मग वखारीच्या भिंतीला लागून पत्रा टाकला आणि दुरुस्तीची कामं घेऊ लागलो.

उन्हाळ्यात केळीच्या बांधापर्यंत कोणताही ट्रक जातो. पावसाळ्यात काळी माती चाक सोडत नाही. तेव्हा बांधावरून डांबरी रस्त्यापर्यंत घड आणायला हाच एक ट्रक होता आणि तो वळवायला एकच माणूस. स्टेअरिंग इतकं जड की उभ्या गाडीत मी दोन्ही हातांनी लटकलो तरी पाव फेरा होत नसे. तोताराम ते फिरवायचा. न बोलता, न घाई करता. आधी उतरून रानात चालायचा, टाच मातीत दाबून बघायचा, मग गाडी घालायचा. इतर ड्रायव्हर अडकल्यावर उतरतात.

एक्क्याण्णव सालच्या चैत्रात शेठनं मला बोलावलं. स्टेअरिंगला पॉवर बसवायचं म्हणाला. मुंबईहून नवा संच मागवला तर ट्रक घेतला त्याच्या निम्मी किंमत पडत होती. तेवढं घालायची तयारी नव्हती. मी म्हटलं, भंगारातून करून देतो, पण महिना लागेल. धुळ्याच्या भंगार बाजारात दोन दिवस फिरलो. एका मोडलेल्या ट्रकचा पंप मिळाला, एका लोडरचा वाल्व्ह आणि जॅक. पंप इंजिनाच्या पुलीवर पट्ट्यानं चालायचा. ड्रायव्हरनं स्टेअरिंग जरा हलवलं की वाल्व्ह उघडून तेल जॅकमध्ये जायचं आणि जॅक चाकांचा दांडा ढकलायचा. जॅकचे रबरी सील फाटलेले होते आणि त्या मापाचे कुठे मिळेनात. मी प्रेसच्या रीतीनं चामड्याचे वायसर, म्हणजे तेल अडवणाऱ्या चकत्या, कापले, साच्यात दाबले, एरंडेलात मुरवले. प्रेसमध्ये असल्याच वायसरवर आम्ही रुईच्या गाठी दाबत होतो. ट्रकचा दाब त्यापुढे काहीच नव्हता.

काम चालू असताना तोताराम रोज येऊन उभा राहायचा. हात लावायचा नाही. एक दिवस म्हणाला, "मना हातनं काम लोखंड करी लागनं ते शेठ माले काबर ठेवी?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. त्याच्या हातात जोर होता म्हणून त्याला पगार होता. स्टेअरिंग हलकं झालं की कोणीही बसेल. शेठच्या मनात काय होतं ते मला माहीत नव्हतं, पण मी त्याच्या जागी असतो तर मलाही तोच संशय आला असता. आणि त्याला तसा संशय आहे हे कळल्यापासून तो हे काम बिघडवील असा मला त्याचा संशय येऊ लागला.

वैशाखात काम पुरं झालं. उभी गाडी दोन बोटांनी वळली. शेठनं स्वतः वळवून पाहिली. मग पाऊस पडेपर्यंत ट्रकला काम नव्हतं. तो दीड महिना वखारीच्या आवारात उन्हात उभा राहिला.

मृगानंतर खेपा सुरू झाल्या. तिसऱ्या दिवशी मी गाडीखाली गेलो तर जॅकच्या तोंडाशी तेल. वर पंपाच्या तेलाची टाकी पाहिली तर काठोकाठ भरलेली. मी भरलं होतं त्यापेक्षा वर. गळतंही आणि भरतंही, असं तेल मी पाहिलेलं नाही. तोतारामला विचारलं. तो म्हणाला, त्याला ठाऊक नाही.

मग बाजाराच्या दिवशी दुपारी तो मला बॉनेट उघडून वाकलेला दिसला. हातात मोठा पाना. मला पाहून त्यानं जवळचा एक डबा उचलून केबिनमध्ये सीटखाली सारला. जॅकच्या तोंडावर एक मोठा नट असतो, तो वायसर दाबून धरतो. त्या नटावर आणि जॅकच्या अंगावर मिळून मी पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ मारली. चार दिवसांनी पाहिलं. रेघ तुटली होती. नट फिरवलेला होता.

मी शेठकडे गेलो आणि सांगितलं की तुमचा ड्रायव्हर नट सैल करतो, गाडी बिघडावी म्हणून. हे मी बोललो. कोणी माझ्याकडून वदवलं नाही. शेठनं मान हलवली. त्यानं सोनगीरच्या धनसिंगला निरोप पाठवला. धनसिंग हायवेवर दगडाचा ट्रक चालवायचा. सोमवारी सकाळी येतो म्हणाला.

सोमवारी नव्या माणसाच्या हाती गाडी द्यायची म्हणून मी पहाटेच जॅक पुसायला बसलो. नट पुसला आणि ती रेघ नीट पाहिली. नटावरची अर्धी रेघ उजवीकडे सरकली होती. उजवीकडे म्हणजे आवळायच्या बाजूला. सैल केला असता तर डावीकडे गेली असती. रेघ तुटली एवढंच मी पाहिलं होतं, कुठे गेली ते पाहिलं नव्हतं. सव्वीस वर्षं पाना धरलेल्या माणसानं.

जॅक उतरवून खोलला. आतले वायसर ठीक होते. जॅकचा दांडा बाहेर येतो तिथला वायसर पापडासारखा कडक झाला होता आणि त्याची कड चिरलेली होती. हंगामात प्रेस दोन पाळ्या चालायची, चामडं कधी सुकायचं नाही. हंगाम संपला की आम्ही प्रत्येक वायसर काढून एरंडेलाच्या डब्यात बुडवून ठेवायचो. ते पहिलं काम असायचं. ट्रक दीड महिना उन्हात उभा होता आणि मी ते केलं नव्हतं.

शेठ आला, मागून धनसिंग आला. तोताराम आधीच येऊन फाटकाशी उभा होता. त्याला कोणी सांगितलं नव्हतं, पण अनोळखी ड्रायव्हर पाहून त्यानं ओळखलं असावं. मी शेठला सगळं सांगितलं. चूक माझी, यानं नट सैल केला नाही, आवळला.

शेठ माझ्याकडे बघत राहिला. "परवा सैल केला म्हणालात, आज आवळला म्हणता. त्यानं काय दिलं तुम्हाला, मिस्त्री?"

मी वायसर त्याच्या हातात दिला. शेठ मालाची पारख करणारा माणूस. त्यानं कडेवरून अंगठा फिरवला, वाकवून पाहिला. तुकडा पडला. मग तो तोतारामकडे वळला आणि विचारलं, गळत होतं तर सांगितलं का नाही, लपवून तेल का भरत होतास.

तोतारामनं उजवा हात उचलून दाखवला. छातीपर्यंत आला आणि थांबला. "शेठ, मना खांदा गया. दोन साल झायात. हाई यंत्र बंद पडनं ते मी बी बंद पडसू."

दोन पावसाळे तो दुखरा खांदा लपवून जड स्टेअरिंग ओढत होता, आणि हलकं हातात आल्यावर त्याची आधीची शंका फिटली होती. गळतंय असं कळलं तर शेठ सगळं काढून टाकील आणि जुनं जड स्टेअरिंग परत येईल, ही त्याची भीती होती. म्हणून तो नट आवळत होता आणि स्वतःच्या पैशानं तेल आणून भरत होता. आमच्यापैकी ज्याला ते स्टेअरिंग सगळ्यांत जास्त हवं होतं, त्याच्यावरच मी ते मोडल्याचा आळ घेतला होता.

धनसिंग तेवढ्यात ट्रकमध्ये चढून बसला होता. जॅक खोललेला होता, त्यामुळे स्टेअरिंग जडच होतं. त्यानं दोन-तीनदा जोर लावला आणि खाली उतरला. मग त्यानं तोतारामला विचारलं, नाल्यापलीकडच्या रानात गाडी कुठून घालता. तोतारामनं सांगितलं. बाभळीच्या उजवीकडून, कारण डावीकडे जुनी विहीर बुजवलेली आहे, वरून दिसत नाही. धनसिंग शेठला म्हणाला, "स्टेअरिंगचं सोडा, शेठ. मी डावीकडून गेलो असतो."

शेठनं तुटलेला वायसर खिशात घातला. हंगाम संपेपर्यंत तोताराम चालवील, मग बघू, एवढंच बोलला. धनसिंगला गाडीभाडं देऊन परत पाठवलं.

मी नवा वायसर कापला. दोन दिवस मुरवला. बसवला. गुरुवारी पहिली खेप होती. तोतारामनं शेठपुढे एकच अट घातली. नाना, म्हणजे मी, खेपेला त्याच्याबरोबर बसेल. ज्यानं केलं त्यानं आत बसावं. शेठ हसला. मी हसलो नाही. अट बरोबर होती.

रात्रभर पाऊस पडला होता. घड भरून गाडी बांधावरून उतरली आणि पुढची चाकं मातीत गेली. तोताराम डाव्या हातानं वळवत होता. उजवा हात नुसता स्टेअरिंगवर ठेवलेला. त्याच्या कपाळाला घाम होता, पण तो जोराचा नव्हता. तो जॅकचा आवाज ऐकत होता. परतीला बाभळ उजव्या हाताला ठेवून गाडी नाल्यात उतरली, एकदा घसरली, वळली, आणि वर आली.

डांबरी रस्त्यावर त्यानं गाडी थांबवली. उतरून जॅकखाली बोट फिरवलं. बोट उजेडात धरलं, मग कोरड्या फडक्यानं पुसलं. फडकंही पाहिलं. मी दार उघडून एक पाय खाली टाकला होता.

"दुसरी खेप बी शे, नाना," तो म्हणाला. "उतरू नका."

मी पाय आत घेतला.