मागच्या सीटवरचं बोलणं

आमचा पांढुर्ण्याचा गाड्यांचा मिस्त्री जन्मात हळू बोलला नव्हता. तो ‘आणा जी गाडी’ म्हणाला, की नदीपलीकडे सावरगावात माणसं वळून बघत.

दुखण्यानं आईचा आवाज बारीक झाला होता. रस्त्याच्या घरघरीत तिचं मागच्या सीटवरचं बोलणं मला ऐकू येईना. मिस्त्रीनं गाडीच्या तळाला आतून डांबर फासलं, वर गोणपाट आणि लोकरीचा जाड नमदा चिकटवला. मग मला सौंसरच्या रस्त्यानं गाडी चालवायला लावून तो आईच्या जागी बसला आणि पुटपुटला, “ऐकू येऊन राहिलं का, भाऊ?”

“आलं.”

“माह्या बापाचं नव्हतं आलं मले. नागपूरच्या दवाखान्यात नेऊन राहिलो होतो.”

सौंसरला उतरल्यावर तो चहावाल्यावर असा ओरडला, की मला बरं वाटलं.