दयानंदनं लावलेली गाळणी

लातूरच्या क्लासेसच्या गल्लीत, एका झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत बसून दयानंद वेबसाइटी बनवायचा. खाली मोठं मशीन सुरू झालं की वरचं टेबल थरथरायचं आणि दयानंद दर वेळी खुर्चीतून अर्धा उठायचा. भूकंप झाला तेव्हा तो दहा वर्षांचा होता. औशाजवळच्या त्याच्या गावात त्याची चौथी घरात झाली होती आणि पाचवी पत्र्याच्या शेडमध्ये. खाली झेरॉक्सच चाललंय हे डोक्याला कळायचं, पायांना कळायचं नाही.

शेडमधून मामाचं बोट धरून तो लातूरला आला, तेव्हा इथली पोरं बोर्डात चमकू लागली होती आणि गावातल्या प्रत्येक रिकाम्या गच्चीवर क्लास उगवत होता. दयानंद काही चमकला नाही. बारावीला गणितानं त्याला अगदी काठावर पास करून सोडून दिलं. पण नेट कॅफेत बसून दुसऱ्यांचे फॉर्म भरता भरता तो फॉर्म बनवायला शिकला. २००८ सालापर्यंत गल्लीतल्या अकरा क्लासेसच्या वेबसाइटी त्याच्याकडे होत्या. अकराही साइटींवर सरांचा हाताची घडी घातलेला फोटो. "फोटो अजून मोठा करा" असं अकराही सरांनी सांगितलं होतं. "साइट जरा लवकर उघडू दे" असं एकानंही नाही.

दयानंदचं खरं वैभव म्हणजे एक दोनशे पानी वही. तीत कोडचे तुकडे आणि युक्त्या होत्या, आणि प्रत्येकीखाली तिचं कारण.

"सबमिट एकदा दाबलं की बटण बंद करा: btn.disabled = true; आपला माणूस बटण हापशासारखं मारतो."

"एक रकाना चुकला म्हणून बाकीचे पुसू नका. ज्यानं दहा रकाने एका बोटानं भरलेत, त्याचा तळतळाट लागतो."

"भरत आलेला फॉर्म दर मिनिटाला सर्व्हरवर साठवा. लाइट विचारून जात नाही."

"मोबाइल नंबर आधी शून्य लावून आला, मधे जागा सोडून आला, तरी आत घ्या. झाडलोट आपण करावी, पाहुण्याला दारात अडवू नये."

आणि पहिल्याच पानावर, लाल शाईनं: "काहीही डिलीट करण्याआधी कॉपी घ्या." नवी शिकणारी पोरं या पानाची झेरॉक्स काढून भिंतीला चिकटवायची. दयानंदला ते पाठ होतं. पाठ असलेली गोष्ट माणूस वाचत नाही, एवढीच अडचण.

त्या वर्षी फिजिक्सच्या शरदचंद्र सरांनी जाहीर केलं की रविवारी एक परीक्षा घेऊ, आणि पहिल्या चाळीस पोरांना दोन वर्षं शिकवणी आणि मेस फुकट. लातूर तर सोडाच, नांदेडकडून उमरी, नायगाव, भोकरपासून फॉर्म आले. चार हजार एकशे अठरा! पण नेट कॅफेवाले घाईचे. पान हळू उघडलं की पलीकडच्या कॉम्प्युटरवरून तोच फॉर्म पुन्हा भरायचे.

"दयानंद, एकेका पोराचे तीन-तीन फॉर्म आलेत," शुक्रवारी सर कडाडले. "खुर्च्या कुठून आणू मी? गाळून टाक सगळे डबल."

नावावरून गाळावं तर एका फॉर्मात नुसतं पोराचं नाव, दुसऱ्यात बापाच्या नावासकट. मग दयानंदला एका परदेशी साइटवर तयार तुकडा सापडला: आडनाव, गाव आणि जन्मतारीख तिन्ही सारखी असतील तर माणूस एकच, एक ठेवा, बाकीचे उडवा. त्यानं तो चिकटवला आणि बटण दाबलं. बाराशे सहा फॉर्म गेले. एवढी घाण निघाल्यावर मोरी धुतलेल्या माणसाला वाटतं तसं त्याला प्रसन्न वाटलं. शनिवारी सकाळी यादी साइटवर लागली.

नऊ वाजता पहिला फोन आला. अडचणीसाठी म्हणून साइटवर नंबर दयानंदचाच होता.

"क्लासवाले का? नायगावहून बोलून राहिलो. आमच्या गावचे नऊ पोरं बसणार व्हते. यादीत एकच हाय. बाकीचे आठ परीक्षेआधीच नापास केले का वो तुम्ही?"

दहापर्यंत असे चाळीस फोन झाले. साडेदहाला निलंग्याकडचे वीरण्णा मुलगा आणि दोन पुतणे घेऊन जिनाच चढून वर आले. त्यांनी मुलाला दयानंदच्या पुढ्यात ढकललं.

"तुमच्या कॉम्प्युटरनं तिघांतून ह्यालाच कसं काय निवडलं? ह्यो तर तिघांत ढ हाय!"

मुलानं मान डोलावली. त्याचीही हरकत नव्हती.

"तुझी जन्मतारीख काय रे?" दयानंदनं विचारलं.

"एक जून."

"आणि तुझी?"

"एक जून."

तिसऱ्यानं घाबरून काकांकडे पाहिलं. "माझी पण एक जूनच हाय. चालंल ना?"

दयानंदनं कपाळावर हात मारला. खेड्यातल्या शाळेत पोराचं नाव घालायचं म्हणजे काय? गुरुजी पोराला डोक्यावरून हात न्यायला लावतात. बोटं पलीकडच्या कानाला टेकली की पोरगं सहा वर्षांचं, आणि तारीख एक जून. अर्ध्या गावाचं आडनाव एक, वर्ग एक, म्हणजे सालही एक. गाळणीनं एकेका गावातून अख्खी भावकी एकाच पोरात कोंबली होती. तो तुकडा लिहिणारा परदेशी माणूस बिचारा अशा देशातला, जिथं माणसं ज्या दिवशी जन्मतात त्याच तारखेला जन्मतात. पण दयानंदला तरी कळायला नको? त्याची स्वतःची तारीख एक जून, धाकट्या भावाची एक जून, आणि आई सांगायची की दोघंही ऐन थंडीतले!

कॉपी घेतलेली नव्हती. होस्टिंगवाल्यांकडे कॉपी होती, ती फॉर्म सुरू होण्याच्या आधीची. दयानंद गल्ली ओलांडून सरांकडे गेला आणि जे झालं ते एका दमात सांगून मोकळा झाला.

"गळालेल्या पोरांना उद्या काय सांगू मी?" सर खुर्चीत बसले. "तुमचा जन्म डबल झालाय म्हणून?"

ऑफिस सांभाळणाऱ्या सिंधु मॅडम कोपऱ्यातून म्हणाल्या, "सर, ते मेल चालतील का?"

"कुठले मेल?"

"प्रत्येक फॉर्मचा एक मेल येतो की. तुम्ही म्हणलात रोज पुसा, डोक्याला ताप आहे."

"मग?"

"पुसले नाहीत मी." मॅडमनी आवाज खाली आणला. "भूकंपात आमची टीसी, रेशनकार्ड, सगळं ढिगाऱ्यात गेलं. मी जिवंत आहे अन् दहावी पास आहे, हे पटवायला वडील तीन वर्षं ऑफिसांच्या चकरा मारत होते. तवापासून माझ्याच्यानं काही टाकवत नाही. बसची तिकिटंसुद्धा."

दयानंदनं मेल उघडले. चार हजार एकशे अठरा! मोजून झाल्यावर त्याला खुर्ची लागली, मग पाणी लागलं. या वेळी त्यानं आधी सगळ्या मेलची कॉपी घेतली, ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर ठेवली, मग एका सीडीवर, आणि सीडी सिंधु मॅडमच्या पर्समध्ये. मेलमधून नावं उपसून पुन्हा यादीत भरणारा कोड वीस ओळींचा झाला. पाठोपाठ आलेले वीरण्णा मागं उभं राहून वाटेल तिथं मान डोलवत "हाव, हाव" म्हणत होते.

"पण आता डबल कसे गाळणार?" सरांना पुन्हा काळजी.

"मोबाइल नंबरवरून..." म्हणता म्हणता दयानंदच थांबला. नायगावच्या नऊच्या नऊ पोरांनी किराणा दुकानदाराचा नंबर दिला होता.

"डबल असले तर असू द्या की सर," सिंधु मॅडम म्हणाल्या. "एक पोरगं दोन खुर्च्यांवर बसतं का?"

सरांनी मंडपवाल्याला फोन लावून खुर्च्या वाढवायला सांगितल्या.

दुपारी चारला पूर्ण यादी लागली. दयानंदनं आणि सिंधु मॅडमनी गळालेल्या फॉर्मांवरचा प्रत्येक नंबर रात्री उशिरापर्यंत फिरवून निरोप दिले. किराणा दुकानदारानं तर आठही पोरांची नावं कागदावर लिहून घेतली आणि उलट वाचून दाखवली.

रविवारी मंगल कार्यालयाच्या मंडपात पेपर सुरू झाला. वीरण्णांची तिन्ही पोरं एका ओळीत बसली होती, ढ पोरगं मधे. नायगावचे नऊच्या नऊ जीपमधून उतरून धावत आत गेले. मागच्या ओळीच्या ओळी मात्र मोकळ्या राहिल्या.

"तीनशे खुर्च्या फुकट मांडल्या बघ," सर कुजबुजले. "आणि तू कशाला बसलास रे इथं?"

दयानंद शेवटच्या ओळीत पाय लांब करून बसला होता. "सर, ह्या खुर्चीला मालक नाही ना, एवढं बघतोय."

अर्धा तास झाला. दारातून कुणीही आलं नाही. दयानंदनं डोळे मिटले आणि तिथंच, बसल्या बसल्या, त्याला गाढ झोप लागली.