खांद्यावरचा हात

मुकुंदवाडी स्टेशनच्या रस्त्याला फ्लेक्सचं एक दुकान आहे. तिथं दीपमाला नऊ वर्षं कॉम्प्युटरवर बसते. देवगाव रंगारीहून लग्न होऊन आली तेव्हा तिला माउस धरता येत नव्हता. आता या भागातल्या निम्म्या घरांचे वाढदिवस आणि मयती तिच्या हातून गेल्या आहेत. वाढदिवसाचं काम कुणीही करतं. श्रद्धांजलीचं मात्र लोक तिच्याकडेच आणतात, कारण गेलेल्या माणसाचा एकट्याचा बरा फोटो कधीच कुणापाशी नसतो. असतो तो कुणाच्या तरी लग्नातला, जत्रेतला. मग मळका सदरा पांढरा करायचा, मागचा मंडप पुसून आभाळ टाकायचं आणि सगळ्यात अवघड म्हणजे खांद्यावरचा हात काढायचा. बहुतेक फोटोंत खांद्यावर कुणाचा तरी हात असतोच.

धाकटा भाऊ सत्यम गेला तेव्हाचा फ्लेक्सही तिनंच केला. वाळूजच्या कारखान्यातली पहिली पाळी संपवून येताना त्याची गाडी घसरली. लख्ख दुपार होती, रस्ता कोरडा होता; दोष द्यावा असं कुणी सापडलं नाही. फोटो वेरूळला काढलेला. सत्यम हसतोय आणि त्याच्या डाव्या खांद्यावर बायकोचा, विशाखाचा हात. मनगटभर हिरव्या बांगड्या, कारण लग्नाला तेव्हा महिनाच झाला होता. इतरांचे हात दीपमाला एका दमात पुसायची. हा तिला पुसवला नाही. तिनं तो कापून सगळ्यात वर, वेगळ्या थरावर ठेवला. स्क्रीनवर प्रत्येक थराशेजारी बारीक डोळा असतो. तो मिटला की थर दिसत नाही, पण असतो. तिनं त्या हाताचा डोळा मिटला. पुढं कुणाचीही श्रद्धांजली आली की तीच फाइल उघडायची, वर नवा फोटो बसवायचा, नाव बदलायचं. दुकानात काम असंच चालतं.

यंदा चैत्रात अमेय नावाचा कॉलेजातला मुलगा चार मित्रांना घेऊन आला. हे ‘गरुडाक्ष’चे इथले चाहते. मुखवटा घालून उडणाऱ्या या वीराचे तीन सिनेमे करून जुना नट बाजूला झाला होता आणि त्याच्या जागी नवा जाहीर झाला होता. तेव्हापासून ही पोरं सुतक असल्यासारखी वावरत होती.

“ताई, भावपूर्ण श्रद्धांजली. आजच टांगायचाय.”

“कोण गेलं?”

“गरुडाक्ष.”

“तो जिता हाय की. काल टीव्हीवर तेलाची जाहिरात करत व्हता.”

“माणूस आहे हो. गरुडाक्ष गेला.” अमेयनं मोबाइल पुढं केला. “हा नवा बघा. मुखवट्याखाली दिसतं काय? हनुवटी. आणि ह्याला हनुवटीच नाही.”

“आवाज म्हणजे रिक्षाचा भोंगा,” मागून एक जण म्हणाला.

“सिनेमा पाहिला का त्याचा?”

“अजून शूटिंगच सुरू नाय झालं, ताई.”

“मग एवढं कसं कळलं?”

“जुन्यासारखा नाय म्हणजे नाय. बघायचंय काय त्यात?”

दीपमाला हसली नाही. सत्यमच्या गाडीच्या टाकीवर गरुडाक्षाचं स्टिकर होतं. “ह्याच्या जागी दुसरा कुणी आला ना ताई, तर मी थेटरात पाय ठेवणार नाय,” असं तो म्हणायचा. आणि बारा दिवसांपूर्वी ती स्वतः आईशी जवळजवळ तसंच बोलली होती.

विशाखा गावी सासूपाशीच राहिली होती. आता तिच्या माहेरच्यांनी कन्नडकडचं एक स्थळ आणलं होतं. दीपमालाच्या आईनं, आवडाबाईनं फोन केला. “सोमनाथ नाव हाय. बिजवर हाय, पर…”

“माय, दीड वर्स बी झालं नाय गं.”

“नाय झालं. पर मी आज हाय, उद्या नाय. पोरगी म्हणती, ताई व्हय म्हणल्या तरच. फोटो पाठवलाय, बघ.”

चौकटीच्या शर्टातला, कपाळ मोठं झालेला एक सावळा माणूस. “सत्यमसारखं काय हाय ह्याच्यात?” म्हणून दीपमालानं फोन ठेवला. त्यानंतर तिनं गावी फोन केला नाही, आणि तिकडं सगळं तिच्या एका शब्दासाठी अडून होतं.

तिनं सत्यमची फाइल उघडली. त्याच हाराखाली, त्याच्यावरच गरुडाक्ष बसवला. पोरं घाई करत होती. हार मोठा करा, मजकूर खाली घ्या. हाराचा थर सापडेना म्हणून तिनं सगळेच डोळे उघडले. सत्यम गरुडाक्षाखाली झाकलेला होता, तरी तिला तो दिसत राहिला. स्क्रीनकडं पुन्हा नीट न पाहताच तिनं छापायला दिलं. पोरांनी गुंडाळी तशीच उचलली आणि मावळतीला चौकात टांगली.

सकाळी चौक हसत होता. गरुडाक्षाच्या डाव्या खांद्यावर हिरव्या बांगड्यांचा हात. मोबाइलवर फोटो फिरू लागले. “आता कळलं का सोडलं. वहिनी नाय म्हणल्या.” “नव्या नटापेक्षा हा हात बरं काम करतो.” दुपारपर्यंत ते देवगावात पोचलं आणि विशाखाचा फोन आला.

“ताई, एक फोटो आलाय. लोक हसायलेत.”

“व्हय.”

“तो माझा हात हाय ना?”

दीपमालानं फाइल उघडली; हाताचा डोळा उघडाच होता.

“मला वाटलं, तुम्ही पुसला असंल. तवाच्या फ्लेक्सवर नव्हता. लई लागलं व्हतं मला. पर कुणाला म्हणावं?”

“पुसला नाय गं. मिटून ठेवला व्हता.”

“बरं केलं,” विशाखा म्हणाली. स्थळाचं तिनं काढलंच नाही. “ठेवते ताई.”

फोन ठेवल्यावर दीपमालानं सोमनाथचा फोटो कॉम्प्युटरवर घेतला आणि मोठा केला. सवयीनं नजर खांद्याकडं गेली. तिथं शर्टाच्या चौकटी एकमेकींना मिळत नव्हत्या. कापड फासल्यासारखं झालं होतं आणि कॉलरपाशी नखाएवढा लाल ठिपका राहून गेला होता. कुणीतरी तिथला हात घाईत, कसाबसा पुसला होता. आई बिजवर म्हणाली होती. पुढचं तिनं ऐकूनच घेतलं नव्हतं.

तेवढ्यात अमेय गुंडाळी घेऊन आला. “ताई, इज्जत गेली आमची. हात काढून दुसरा द्या.”

तिनं डोळा मिटला. हात गेला.

“कुणाचा होता हो?”

“आमच्या घरातला.”

अमेय नवा फ्लेक्स घेऊन गेला.

मग तिनं विशाखाला फोन लावला. “सोमनाथरावांची पयली… नाव काय व्हतं तिचं?”

“श्रेया. काविळीनं गेली.”

“दोघांचा मूळ फोटो असंल का त्यांच्यापाशी?”

“विचारते. का हो?”

“कुणीतरी लई वाईट पुसलंय तिला. असंल तर पाठवा म्हणावं. मी नीट करून देते. आणि रविवारी मी येते. चहाला बोलावून घे त्यांना.”

पलीकडं विशाखानं अंगणातल्या कोंबड्या हाकलल्या. मग म्हणाली, “ताई, तुमच्या त्या फायलीत माझा हात राहू देताल का?”

“राहू दे की,” दीपमाला म्हणाली. “जागा हाय त्याला.”