उगम सांगणारी बाई

बंगळूरला महादेवपुऱ्यातल्या एका कंपनीत मी इंजिनिअरांना इंग्रजी वाक्प्रचार शिकवते. परदेशी ग्राहकांपुढे ही मंडळी गावंढळ वाटू नयेत म्हणून. मागचा विषय श्वास होता. ‘डोन्ट होल्ड युअर ब्रेथ’ म्हणजे ते काही लवकर होत नाही, आशा सोड. ‘सेव्ह युअर ब्रेथ’ म्हणजे तोंडाची वाफ दवडू नकोस. आपल्याकडे हे कुणीही बाई न नेमता शिकतं.

प्रत्येक वाक्प्रचाराचा उगम सांगायचा, असा तिथला नियम. ‘बेटेड ब्रेथ’मधला ‘बेटेड’ हा ‘अबेटेड’चं मुंडकं उडवून झालाय, म्हणजे आवरलेला श्वास, एवढं एकच मला खात्रीनं ठाऊक होतं. बाकीच्यांसाठी माझ्या दोन थापा ठरलेल्या होत्या, खलाशी नाहीतर शर्यतीचा घोडा. लठ्ठ पगाराची माणसं माना डोलावत लॅपटॉपवर उतरवून घ्यायची. ‘कशावरून?’ असं एकानंही विचारलं नाही. मला त्यांची कीव यायची.

घरी आले की आप्पा विचारायचे, “काय शिकवलीस आज पोरास्नी?” एवढ्या वाक्यात ते दोनदा थांबायचे. बेळगावाकडून आलेले माझे वडील इथल्याच पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात तीस वर्षं लोखंड घासायच्या ग्राइंडरवर उभे होते, नाकाला फडकं बांधून. त्यातूनच माझी इंग्रजी शाळा झाली. ऑफिसात मात्र मी सांगते, वडील इंजिनिअरिंग लाइनमध्ये होते. खरं सांगायची मला लाज वाटते.

धाप वाढली तेव्हा त्यांना डॉक्टरांकडे नेलं. “काम काय करायचे?” डॉक्टरांनी विचारलं. आप्पांनी तोंड उघडायच्या आत मी ऑफिसातलंच वाक्य सफाईदार इंग्रजीत फेकलं. आप्पांना इंग्रजी समजत नाही. लेक डॉक्टरांशी फाडफाड बोलते म्हणून ते कौतुकानं मान डोलावत होते. डॉक्टरांनी दमा धरला आणि पंप लिहून दिला.

तीन महिने आप्पांनी तो पंप इमानेइतबारे ओढला. आधी जिना सुटला, मग देवळापर्यंतचं चालणं. मला कारण ठाऊक होतं आणि मी वर्गात घोडे पळवत होते.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला आणि थेट आप्पांनाच कन्नडमध्ये विचारलं, धुळीत काम केलंय का?

“ग्राइंडर,” आप्पा म्हणाले. “तीस वर्षं.”

डॉक्टर भडकले. “हे आधी का नाही सांगितलं? तीन महिने चुकीचं औषध घेत बसलात!”

आप्पांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं होतं. मग डॉक्टरांकडे वळून, दम घेत घेत म्हणाले, “मीच... विसरलो, सर.”