कंट्रोलर भाऊजी आणि शहागडची रेघ

कंट्रोलर भाऊजी कुठलंही काम आधी मोठ्याने जाहीर केल्याशिवाय करत नसत. "मी आंघोळीला जाऊन राह्यलो, कोणाला न्हाणीघर लागत असंल तर आत्ताच सांगा," असं म्हणून ते खांद्यावर टॉवेल टाकून दारात थोडा वेळ उभे राहत. कुणी काही बोललं नाही, की मगच आत जात. सगळी नोकरी त्यांनी बसस्टँडवर कंट्रोलरच्या खिडकीत काढली होती. अमुक गाडी अमुक फलाटावर लागली आहे, हे तिथून माइकवर सांगायचं आणि पिशवी सावरत धावणाऱ्या बाईला गाडी गाठता येईल एवढा वेळ द्यायचा, ही त्यांची सवय घरातही सुटली नाही.

तुमच्या आजोबांचे ते धाकटे भाऊ. ते गेले तेव्हा तुम्हाला येता आलं नाही. नंतर फोनवर तुम्ही मला विचारलंत, "आजी, रिटायर झाल्यावर ते दवाखान्यात नक्की काय करायचे?" तेव्हा मला धड सांगता आलं नाही. आता क्रमाने लिहून बघते. क्रम लावणं मला जमतं. मला ते सगळं समजलं आहे का, याची मात्र खात्री नाही.

आमच्या ट्रस्टचा मुख्य दवाखाना जालन्यात, आणि मंठ्याला व शहागडला एकेक लहान केंद्र. मी तेव्हा ट्रस्टची मानद सचिव होते. तिन्ही ठिकाणचे संगणक एकमेकांना जोडलेले होते. पूर्वी त्यात बिघाड झाला, की कंपनीचा माणूस येऊन स्टुलावर चढायचा आणि भिंतीवरचा एकेक डबा उघडून दुरुस्त करायचा. मग नवी व्यवस्था आली. तिचं नाव सॉफ्टवेअर डिफाइन्ड नेटवर्क. या तिन्ही इंग्रजी शब्दांचे अर्थ मला वेगवेगळे माहीत होते. एकत्र आल्यावर त्यांचं काय होतं ते कळेना. कंपनीची इंजिनिअर पूजा हिने मला समजावलं, की आता डब्यांनी स्वतःच्या मनाने काही ठरवायचं नाही. कुठली माहिती कुठल्या वाटेने जाणार, आधी कोण, नंतर कोण, हे सगळं एका ठिकाणी ठरतं आणि डबे फक्त ऐकतात. ते एक ठिकाण म्हणजे संगणकावर उघडणारं एक पान. मी मान हलवली. मग विचारलं, "पण ते पान असतं कुठे?" पूजा म्हणाली, "तसं ते कुठेच नसतं, मॅडम. कुठूनही उघडता येतं." त्या उत्तराने माझा गोंधळ दुप्पट झाला.

त्या पानासमोर दिवसभर बसायला एक माणूस हवा होता. भाऊजी निवृत्तीनंतर घरात सगळ्यांना वेळापत्रक लावू लागले होते, त्यामुळे त्यांच्या बायकोनेच मला गळ घातली, "जाऊबाई, ह्यांना न्या कुठंतरी." पूजाने त्यांना शिकवलं. पानावर नकाशा होता. मध्ये जालना, एका बाजूला मंठा, दुसऱ्या बाजूला शहागड, आणि मध्ये रेघा. रेघ हिरवी असेल तर ठीक, लाल झाली तर बंद. एखाद्या रेघेवर बोट ठेवून क्लिक केलं, की तिच्यावरून काय काय जातंय ते दिसायचं. भाऊजींनी चष्मा पुसून ते पाहिलं आणि म्हणाले, "हे तर स्टँडच आहे. फकस्त गाड्या दिसत न्हाईत."

गाड्या दिसत नाहीत ही गोष्ट त्यांना शेवटपर्यंत खुपली. पानावर मंठा हिरवं असलं, तरी ते मंठ्याला फोन लावत. तिथली सिस्टर म्हणे, "काका, तुमच्या पानावर दिसतंय ना सगळं?" भाऊजी म्हणत, "पान काय म्हणतंय ते मी पाहून राह्यलो. तू काय पाहून राह्यलीस, ते सांग." एखादी लाईन बदलायची असेल, तर आधी सगळ्या वॉर्डांतून फिरून सांगून येत, "मंठ्याची लाईन जराशी बंद करून राह्यलो, कोणाचं काही अर्ध्यावर आहे का?" पूजा हसायची. "काका, क्लिक केलं की क्षणात होतं. कुणाला कळतसुद्धा नाही." त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं, "कळत न्हाई, हेच तर बराबर न्हाई."

त्या पानावर आणखी एक जागा होती, ज्येष्ठतेच्या यादीसारखी. वाट अरुंद झाली तर कोणाची माहिती आधी सोडायची, तो क्रम तिथे लावायचा. पूजाने तो भाऊजींना लावायला सांगितला. भाऊजींनी सगळ्यांत वर अध्यक्षांची खोली ठेवली, मग डॉक्टर, मग तिन्ही ठिकाणची तपासणीची यंत्रं, शेवटी ऑफिस. अध्यक्ष म्हणजे जुन्या जालन्यातले वयोवृद्ध कापड व्यापारी. दवाखान्याची जागा त्यांनीच दिलेली. ते महिन्याकाठी कधीतरी येत.

पूजाने विचारलं, "काका, अध्यक्ष पहिले कशाला?"

"एसटीत पहिली सीट आमदाराची असती," भाऊजी म्हणाले. "आमदार कधी गाडीत बसत न्हाई. पण सीट ठेवावी लागती. आला न्हाई तर बसतंयच की कोणीतरी."

तिलाही ते पटलं असावं. अध्यक्ष येत नसत, त्यामुळे त्यांच्या जागेवर इतरांचं काम होऊन जाई.

आणि मग एका दुपारी ते आले. त्यांच्या पणतीचं जर्मनीत बारसं होतं, आणि घरचं इंटरनेट अडखळतं म्हणून दवाखान्यातल्या खोलीत, मोठ्या पडद्यावर ते बघायला सगळं घर जमलं होतं. त्याच दिवशी सकाळी बाहेर रस्ता खोदताना आमची मोठी लाईन तुटली होती. पानाने आपणहून सगळी रहदारी लहान लाईनवर वळवली, त्यामुळे नकाशा हिरवाच होता. हे मी आज सांगू शकते. तेव्हा मला एवढंच दिसलं, की भाऊजी फोन कानाला लावून उभे आहेत आणि त्यांचा चेहरा उतरला आहे.

शहागडला हायवेवर एका ट्रक ड्रायव्हरच्या छातीत कळ आली होती. गाडी बाजूला घेऊन तो कसाबसा केंद्रात पोचला होता. सिस्टरने त्याचा ईसीजी काढून जालन्याला पाठवला होता, पण आमच्या डॉक्टरांपर्यंत तो येतच नव्हता. डॉक्टर आमच्या शेजारी येऊन उभे राहिले. म्हणाले, रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथे तयार आहे, पण ईसीजी बघितल्याशिवाय ते द्यायला सांगता येणार नाही. चुकीच्या माणसाला दिलं तर त्यानेच जीव जाईल. मोबाइलवरून फोटो पाठवायचा प्रयत्न झाला. रेंज अशी, की सिस्टरचं बोलणंही तुटक येत होतं.

"पान हिरवं आहे," मी म्हणाले.

"हिरवं आहे, वहिनी. पण निघंना." भाऊजी रेघेवर क्लिक करत होते. आकडे येत होते, जात होते. मला त्यातलं काही उमगत नव्हतं, आणि त्यांनाही नसावं. मग ते अचानक थांबले. एका ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "आमदार आलाय."

मला काहीच कळलं नाही. त्यांनी सांगितलं, की अध्यक्षांच्या खोलीने सगळी लाईन धरून ठेवली आहे आणि शहागड मागे उभं आहे. मी म्हटलं, "मग काढा त्यांना तिथून."

"सांगून येतो," म्हणून ते उठले. दारापर्यंत गेले. पलीकडच्या खोलीतून पडद्यावरच्या बायका पाळणा म्हणत असलेल्या ऐकू येत होत्या. भाऊजी दारातून परत फिरले, खुर्चीवर न बसता वाकले, आणि अध्यक्षांना यादीत तळाला टाकलं. पाळणा मध्येच तुटला. थोड्या वेळाने डॉक्टर शेजारच्या संगणकावर बघत म्हणाले, "आला." आणि फोनवर सिस्टरला इंजेक्शन द्यायला सांगू लागले. ते देऊन ड्रायव्हरला थेट संभाजीनगरला पाठवायचं ठरलं.

अध्यक्ष चिडले. ते का चिडले हे मला समजतं. पणतीचं नाव कानात सांगायच्या क्षणी पडदा गोठला होता. भाऊजी त्यांच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, आज तुम्हाला उठवलं ही चूक न्हाई. तुम्हाला पहिल्या सीटवर बसवल्तं, ती माझी चूक." अध्यक्षांना सीट म्हणजे काय ते समजलं नाही. सभेत मी सगळी हकिकत क्रमवार मांडली. तरी ठराव झाला, की यापुढे ते पान कंपनीनेच आपल्या ऑफिसातून सांभाळावं. भाऊजींनी हरकत घेतली नाही. काम सोडण्याआधी त्यांनी यादी नव्याने लावली आणि पूजाला फोनवरून वाचून दाखवली. मला मात्र ते रोज एकच विचारत, "वहिनी, त्या ड्रायव्हरचं काय झालं?"

ते कुणालाच माहीत नव्हतं. शहागडची सिस्टर म्हणाली, आम्ही गाडीत घालून दिला. संभाजीनगरचा दवाखाना म्हणाला, त्याचे लोक येऊन घेऊन गेले. कुठल्या अवस्थेत, ते फोनवर सांगेनात. ईसीजी पोचल्याची खूण पानावर होती. माणूस पोचल्याची खूण कुठेच नव्हती.

मग भाऊजी स्वतः निघाले. अधूनमधून सकाळची बस धरून शहागडला जात. हायवेवर पंक्चरवाल्यांकडे, ढाब्यांवर बसून ट्रकवाल्यांना विचारत. त्यांच्या बायकोने माझ्याकडे तक्रार केली, "कोण कुठला ड्रायव्हर, ना नात्याचा ना गोत्याचा." मी भाऊजींना विचारलं, की सापडला तर त्याला काय सांगणार? म्हणाले, "ते मला बी ठाऊक न्हाई." एका पंक्चरवाल्याला अखेर त्याचं गाव आठवलं. करमाळ्याच्या बाजूला, रस्त्यापासून आत, शेतातली वस्ती. भाऊजी गेले आणि दुसऱ्या दिवशी आमच्याकडे आले. चपला काढता काढताच म्हणाले, "जित्ता आहे."

मी त्यांना पाणी दिलं. ते सांगू लागले.

"मी त्याला म्हणलो, तुमचा ईसीजी माझ्यामुळं अडकल्ता. तर तो म्हणतो, 'ते छातीला चिकटवत्यात ते? ते तर लगीच झालं की.' मंग मी त्याला सगळं सांगितलं. पान, लाईन, बारसं, सगळं. त्यानं नीट ऐकून घेतलं. आणि बायकोला म्हणला, 'पाव्हणं लांबनं आल्यात, च्या टाक.'"

"मग त्याला समजलं का?" मी विचारलं.

"न्हाई." भाऊजींनी तांब्या खाली ठेवला. "मला तरी कुठं समजलंय? पण निघताना तो मला डांबरी रस्त्यापर्यंत सोडाया आल्ता, वहिनी. चालत. मधी कुठं दम खायाला थांबला न्हाई."