बोरकरच्या लाल फ्रेम

आमच्या ऑफिसात किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते स्वतःच रांगेत येऊन उभे राहतात. छत्तीसगडच्या नवा रायपूर शहरातल्या इमारती बांधून झाल्यावर कशा दिसतील, याच्या फिल्म आम्ही कॉम्प्युटरवर बनवतो. एका फिल्मच्या हजारो फ्रेम, आणि त्या तयार करणाऱ्या आठ मशीन. कामं संध्याकाळी रांगेत लागतात, रात्रभर चालतात. झालं की हिरवं, अडकलं की लाल. रोज सकाळी लाल का झालं ते शोधणं, ही माझी नोकरी. शोधायला जावं मशीनमधला बिघाड, तर सापडतो माणूस.

*

आमच्या ऑफिसातल्या बोरकरचे वडील रेल्वेत होते, बालपण क्वार्टरमध्ये गेलं. निघताना सगळे दिवे बंद करायचे, हे त्याच्या हाडात मुरलेलं. तो लागला त्या आठवड्यात रोज सकाळी सगळी रांग लाल! मी केबल बदलल्या, सॉफ्टवेअर दोनदा टाकलं. मग कळलं, हा संध्याकाळी जाताना रांग चालवणारा सर्व्हरच बंद करून जातो.

"काहून रे?"

"ताई, खोलीत कोणीच नव्हतं ना."

मी बटणावर कागद चिकटवला, 'बंद करू नये'. दुसऱ्या दिवशी मशीन तापून बंद पडलेल्या. कागद सर्व्हरवर होता, एसीवर नव्हता.

*

सुनीता दीदी सीनमध्ये झाडं लावतात, पान न् पान मोजून. एकदा त्यांच्या बागेने आठही मशीनची मेमरी संपवली. मी म्हटलं, "दीदी, थोड़े पेड़ कम कर दो."

"कम तो वहाँ पहले से हैं," त्या म्हणाल्या, आणि अजून दोन कडुनिंब लावले.

*

मालक साहू भैयांचं प्रत्येक काम अर्जंट. रांगेत प्रत्येक कामाला महत्त्वाप्रमाणे एक ते शंभर आकडा द्यायचा, मोठा आकडा आधी; आणि यांची सगळी कामं शंभरवर. एक दिवस त्याहून अर्जंट काम आलं. मी सांगितलं, "भैया, सौ के ऊपर कुछ नहीं होता."

त्यांनी विचार करून होकारार्थी मान हलवली. "हव. तो बाकी सबको निन्यानबे कर दो."

*

सगळ्यात वाईट काम लाल नसतं, हिरवं असतं. मशीन म्हणते झालं, आणि उघडून बघावं तर फ्रेम काळ्याकुट्ट. सीनमधला दिवा लावायला कोणीतरी विसरलेलं असतं. अशी एक फिल्म आम्ही ग्राहकाला दाखवलीसुद्धा. दोन मिनिटं तो शांत बसला. त्याला वाटलं, अजून सुरू व्हायची आहे.

*

रांगेच्या तळाशी रोज 'टेस्ट' नावाचं एक काम असायचं, आणि रोज एकाच फ्रेमवर लाल व्हायचं. आठवडाभर मी ते न बघता डिलीट केलं. मग उघडलं, तर आत दोन खोल्यांचं रेल्वे क्वार्टर.

बोरकरने कबूल केलं. क्वार्टर पाडून टाकलं होतं, आणि वडिलांना काचबिंदू. "डॉक्टर म्हणते, जे दाखवायचं ते लवकर दाखवा." जेवणाच्या सुट्टीत तो एकेक भिंत उभी करत होता.

कॅमेरा स्वयंपाकघरात शिरला की काम अडकायचं. तिथे भिंतीवर त्याच्या आईचा फोटो होता, आणि फोटोची फाइल होती पेन ड्राइव्हमध्ये. तो पेन ड्राइव्ह बोरकर रोज खिशात घालून घरी न्यायचा.

"सर्व्हरवर काहून नाही टाकला?"

"तुम्ही डिलीट करून राहिल्या ना, ताई."

मला लाज वाटली. मी स्वतः फोटो सर्व्हरवर टाकला. साहू भैयांनी काही न विचारता त्या कामाला शंभर दिले, बाकी सगळ्यांना निन्याण्णव. सकाळी सगळं हिरवं होतं.

रविवारी त्याने वडिलांना फिल्म दाखवली. सोमवारी मी विचारलं, "काय म्हणाले?"

"स्क्रीनले नाक लावून पाहिलं. आईच्या फोटोपाशी थांबवाले लावलं. मंग म्हणाले, एक चूक हाय." एवढं सांगून तो कामाला बसला, आणि संध्याकाळी फिल्म पुन्हा रांगेत लावून गेला.

मंगळवारी काम हिरवं. मी उघडून बघितलं. कॅमेरा दाराबाहेर पडतो, आणि शेवटच्या पन्नास फ्रेम काळ्याकुट्ट.

"बोरकर, शेवटी दिवाच नाही बघ. पुन्हा लावू का?"

"राहू द्या, ताई. बरोबर हाय. बाबा म्हणाले, घरातून निघाला अन् लाइट चालू ठेवला काहून?"