दातमामाची अक्कलदाढ

दातमामा कुणालाही "दुखणार नाही" असं कधी म्हणाला नाही. शनिवार पेठेतल्या त्याच्या दवाखान्यात खुर्चीवर बसलेला माणूस घामाघूम होऊन विचारायचा, "डॉक्टर, दुखेल का हो?" आणि मामा हातातली सुई न लपवता सांगायचा, "दुखणार. पण संपणार." अशानं निम्मे पेशंट उठून जातील, असं आईला वाटे. प्रत्यक्षात बाहेरच्या बाकावर बसायला जागा नसायची. खोट्या धीरापेक्षा खरं दुखणं लोकांना परवडत असावं.

तो आईचा सगळ्यात धाकटा भाऊ, तिच्याहून बराच लहान. मला आणखी दोन मामा होते, म्हणून हा दातमामा. लग्न केलं नाही. का, असं कुणी विचारलंच तर म्हणायचा, "दिवसभर लोकांची तोंडं बघतो. संध्याकाळी भिंत बघावीशी वाटते." पण भिंतही तो बघत नसे. तो यंत्रमानव बघायचा.

त्याचं असं झालं, की पोरं दवाखान्यात पाऊल टाकताच भोकाड पसरायची. त्यांच्यासाठी मामानं बुधवार पेठेतून व्हिडिओ गेमचा एक डबा आणला आणि बाहेरच्या टीव्हीला जोडला. खेळात दोन-तीन मजली उंचीचे यंत्रमानव एकमेकांशी लढायचे, आणि प्रत्येकाच्या डोक्यात बसून एक माणूस तो चालवायचा. पोरं रडायची थांबली खरी, पण मग आत जायलाच तयार होईनात. तेव्हा मामा दारात येऊन गंभीरपणे सांगे, "बाहेरचा खोटा आहे. खरा आत आहे. बसायचं असेल त्यानं या." त्याची ती वरखाली होणारी खुर्ची, डोक्यावरचा दिवा आणि पायाशी असलेली बटणं पाहून मीसुद्धा कित्येक वर्षं तिला यंत्रमानवच समजत होते. पेशंट नसले, की मामा स्वतः बाहेरच्या बाकावर बसून खेळायचा. पोरांचं नुसतं निमित्त होतं, शौक त्याचाच होता.

लढाईची मात्र त्याला कधी घाई नसे. नवा खेळ आणला, की आधी तो यंत्रमानव घेऊन नुसता हिंडायचा. शत्रू गोळ्या झाडतायत आणि हा कुठल्याशा पडक्या पुलाखाली शिरून वर बघतोय. मी ओरडले की म्हणे, "आधी गाव बघू, मग मारामारी करू." एकदा मी वैतागून विचारलं, की नुसतं चालण्यात आहे काय एवढं? तर म्हणाला, "अगं मुक्ते, एवढं मोठं धूड माझ्या एका अंगठ्यानं पाऊल टाकतं. तुला याचं नवल वाटत नाही?" मला वाटत नव्हतं. तेव्हा मला फक्त नेम धरण्यात गोडी होती.

आमच्या घरी चहा घेताना एकदा त्याच्या उजव्या हातातली कपबशी वाजायला लागली. आईनं आणि मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मामानं बशी खाली ठेवली, हात डोळ्यांसमोर धरला आणि पेशंटचा दात बघावा तसा बघितला. कंपवात. महिन्याभरात त्यानं दवाखाना बंद केला. मित्रांनी सांगितलं, अहो, औषधं आहेत, अजून दोन-तीन वर्षं सहज काढाल. मामा म्हणाला, "या हातानं मी स्वतःचे दात घासायला भितो. लोकांच्या तोंडात कुठे घालू?" खुर्ची विकली गेली त्या दिवशी तो आमच्याकडे धायरीला राहायला आला. वडील गेल्यापासून आम्ही मायलेकीच होतो. त्यानं दोन बॅगा आणल्या आणि छातीशी धरून गेमचा डबा.

इथेही हातानं घात केलाच. कंट्रोलरच्या डाव्या बाजूला चालण्याची दांडी असते, आणि नेम धरणं, गोळी झाडणं हे सगळं उजव्या हाताकडे. मामाचा उजवा हात थरथरला, की गोळ्या सुटायच्या, बहुतेक वेळा आपल्याच माणसांवर. "हा हात फारच युद्धखोर झालाय," असं म्हणून त्यानं कंट्रोलर माझ्यापुढे केला. "हे अर्धं तू धर." तेव्हापासून दर रविवारी दुपारी जेवणं झाली, की सोफ्यावर डावीकडे मामा, उजवीकडे मी आणि मध्ये दोघांत मिळून एक कंट्रोलर. तो चालणार, मी झाडणार. सुरुवातीला आमचं यंत्र झिंगलेल्या माणसासारखं वागायचं. पुढे सवय झाली. उडी मारायच्या आधी मामा श्वास आत घ्यायचा, तेवढ्यावर मला कळायचं.

ऑनलाइन आमच्या गटात सोलापूरची नसरीन म्हणून एक नर्स असायची. ड्यूटी नसली की रविवारी तिचा आवाज टीव्हीतून आमच्या हॉलमध्ये यायचा, "डॉक्टर, तुम्ही व्हा की पुढं, मी हाय मागं." एक यंत्र दोघं मिळून चालवतात, हे तिच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

आणि मग तो नवा खेळ जाहीर झाला. मामानं त्याचा ट्रेलर पहिल्यांदा पाहिला, तेव्हा चहा गार झाला तरी त्याला पत्ता नव्हता. त्यात नुसत्या लढाया नव्हत्या, अख्खं युद्ध होतं. तीन तट. एक सरकारी सैन्याचा, एक खाणमालकांचा, आणि तिसरा इतरांनी टाकून दिलेल्या सुट्या भागांतून यंत्रं जुळवणाऱ्यांचा. जगभरातल्या खेळणाऱ्यांनी आपापला तट निवडायचा, आणि रोजच्या लढायांतून नकाशावरचा मुलूख या हातातून त्या हातात जाणार. एकदा निवडलेला तट मात्र बदलता येणार नव्हता. "आपण भंगारवाल्यांकडून," मामानं तिथल्या तिथे जाहीर केलं. "बाकीच्या दोघांकडे गर्दी आहे, आपल्याला कोण विचारतंय तिथे? शिवाय आपणही सुट्या भागांतूनच जुळवलेले आहोत."

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "साठी उलटली तरी याचं आपलं रोबो-रोबो चालूच."

"ताई, तुझी जपमाळ काय करते? वेळच काढते ना? माझ्या माळेला जरा बटणं जास्त आहेत, एवढंच."

खेळ यायला वर्ष होतं. वर्ष झालं आणि तो पुढे ढकलला गेला. मग पुन्हा एकदा ढकलला. मामानं त्याचं नाव 'अक्कलदाढ' ठेवलं. "सगळ्यांत उशिरा येते, येताना छळते, आणि आल्यावर तिचा उपयोग काय ते कुणालाच सांगता येत नाही," तो म्हणायचा, "पण ज्याला येत नाही त्याला चुकल्याचुकल्यासारखं वाटतं." खेळ बनवणारे दर शुक्रवारी काहीतरी कळवायचे. त्या संध्याकाळी मी ऑफिसातून आले, की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "दाढेचं काय म्हणतायत?" आम्ही ट्रेलर थांबवून थांबवून बघायचो. मामाला कुठेतरी मागे, धुरापलीकडे, एक नदी दिसली होती. युद्ध सुरू झालं की आधी त्या नदीकाठी जायचं, हे आमचं ठरलं होतं.

एवढ्या सगळ्यात मला कळत होतं, की शर्यत लागली आहे. उजवा हात कधीच गेला होता. डाव्याची बोटं नुकती हलायला लागली होती, आपल्याआपण. तपासणीला गेलो, तेव्हा डॉक्टरांना वाटलं, हे आयुष्याबद्दल विचारतील. मामानं विचारलं, "डावा किती टिकेल?" ते म्हणाले, "तसं नक्की सांगता येत नाही." बाहेर आल्यावर मामा मला म्हणाला, "मी माझ्या पेशंटला इतकं वाईट उत्तर कधी दिलं नव्हतं."

त्यानंतर त्यानं डावा हात वापरणंच सोडलं. स्वेटरच्या खिशात घालून ठेवायचा. जेवायचा उजव्यानं. अर्धी आमटी ताटात, अर्धी अंगावर. आईला ते बघवायचं नाही, ती उठून जायची. एकदा मला राहवलं नाही. म्हटलं, "मामा, तू स्वतः डॉक्टर आहेस. हात असा राखून राहतो का?" तो म्हणाला, "नाही राहत. माहीत आहे मला. पण राखल्यासारखं वाटतं ना." मी मोरीत जाऊन नळ सोडून रडले. रविवारी दुपारी मात्र तो हात खिशातून बाहेर यायचा, आणि आमचं यंत्र कुठल्यातरी पुलाखालून शांतपणे चालायचं.

मग तारीख पक्की झाली. मामानं कॅलेंडरवर त्या चौकोनात एक दाढ काढली, वाकडीतिकडी, तीन मुळांची. आणि महिना राहिला असताना खेळ पुन्हा पुढे गेला. ती बातमी मीच त्याला वाचून दाखवली. "पुन्हा वाच," म्हणाला. मी पुन्हा वाचली. नेहमीसारखं काहीतरी खवचट बोलेल, म्हणून मी थांबले. तो म्हणाला, "बरं," आणि उठून आत जाऊन आडवा झाला. त्या रविवारी आम्ही खेळलो नाही. मी त्या न पाहिलेल्या, न भेटलेल्या माणसांवर इतकी संतापले होते, की समोर असती तर भांडलेच असते.

पावसाळ्यात त्याच्या छातीत कफ झाला, आणि बघता बघता तो दवाखान्यात होता. सुई टोचताना तिथली मुलगी म्हणाली, "काका, अजिबात दुखणार नाही हं." मामानं डोळे न उघडता सांगितलं, "खोटं बोलू नका." तिला हसू आलं. मलाही आलं. संध्याकाळी त्यानं मला विचारलं, "आली का?"

"नाही अजून."

"आली की जा. भंगारवाल्यांकडूनच जा. गर्दीत शिरू नकोस." थोड्या वेळानं म्हणाला, "नदी बघून ये."

मी त्याचा डावा हात धरून बसले होते. तो झोपला, तरी त्याचा अंगठा माझ्या तळव्यावर सावकाश पुढे ढकलला जात होता, पुन्हा पुन्हा. पहाटे तो गेला. दुखणार, पण संपणार, असं सगळ्यांना सांगायचा. त्याचं संपलं. आमचं काही संपत नाही, हे त्यानं सांगितलं नव्हतं.

अक्कलदाढ एकदाची आली, ती दिवाळी होऊन गेल्यावर. मधल्या काळात मी त्या डब्याला हात लावला नव्हता. रविवारी जेवणं झाल्यावर मी बसले, सवयीनं सोफ्याच्या उजव्या टोकाला. तट निवडायला सांगितलं, भंगारवाले निवडले. नकाशावर सगळ्यांत चिमुकला मुलूख आमचाच होता. माझं यंत्र गंजक्या पत्र्यांचं, एक खांदा दुसऱ्यापेक्षा मोठा. समोर शत्रू दिसला, मी टिपला. दुसरा दिसला, तोही टिपला. मग मी निघाले आणि सरळ भिंतीवर आपटले. मागे वळले, तिथे खांब. नेम मला डोळे मिटून धरता येत होता. माझ्या डाव्या हाताला चालता येत नव्हतं.

टीव्हीतून ओळखीचा आवाज आला. "काय ओ डॉक्टर, भिंतीत कुठं चाललाव?"

मी म्हटलं, "नसरीन, डॉक्टर नाहीयेत. मामा गेला. पावसाळ्यातच."

मग तिचं यंत्र सावकाश आलं आणि माझ्यापुढे आडवं उभं राहिलं, येणाऱ्या गोळ्या अंगावर घेत. "थांबा तुम्ही तिथंच," ती म्हणाली. "मी हाय."

मला पडदा दिसेनासा झाला होता. शेजारी सोफा दबला, तेव्हा कळलं की आई येऊन बसली आहे. डावीकडे, मामाच्या जागी. तिनं जपमाळ टीपॉयवर ठेवली.

"कुठून धरायचं गं हे?"

मी तिचा अंगठा दांडीवर ठेवला. "हा पुढे ढकल. हळू."

तिनं ढकलला. यंत्रानं एक पाऊल टाकलं आणि ते पुन्हा भिंतीवर आपटलं.

"राहू दे आई. वेळ लागतो याला."

"लागू दे की," आई म्हणाली. तिनं पदरानं चष्मा पुसला आणि पुन्हा दांडीवर अंगठा ठेवला. "त्यालाही लागलाच होता. चालायला मीच शिकवलं होतं त्याला."